चांगला टायर कुठल्या चाकाला?

खंडेनवमीच्या सकाळी कोल्हापुरात गल्लोगल्ली पाण्याचे ओघळ वाहत असतात. स्कूटरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळे धुतले जाते, बॉनेटवर झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाच्या सोहळ्यात छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक मोटार दसरा चौकात येते आणि बापाच्या खांद्यावर बसलेली पोरे ती डोळे भरून पाहतात. वाहनाची पूजा आमच्याकडे मनापासून होते. वाहनाची तयारी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. कोणत्या रस्त्यासाठी, कोणत्या ऋतूसाठी गाडी कशी सज्ज करायची, याचे एक तोंडी शास्त्र आपल्याकडे बैलगाडीच्या काळापासून चालत आले आहे. ते कसे घडले आणि कुठे चुकले, याचा मी गेली काही वर्षे मागोवा घेत आहे. निमित्त माझ्याच एका चुकीचे आहे. म्हणून आधी ती सांगतो.

२००९ सालचा डिसेंबर. माझी मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसजवळच्या एका उपनगरात नुकतीच राहायला गेली होती. तिथला तिचा पहिलाच हिवाळा. गाडी जुनी, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारी. बर्फाचे टायर घ्यायला ती दुकानात गेली आणि तिथूनच तिने मला फोन लावला.

“बाबा, हा म्हणतोय चारही बदला. दोनच बदलायचे असतील तर मी बसवून देणार नाही म्हणतोय.”

“अगं, तो विकायला बसलाय. तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालते. दोन घे, दुसरीकडून बसवून घे, पण पुढे बसव. मागची चाकं काय, नुसती पाठोपाठ येतात.”

मी तंत्रनिकेतनात पंचवीस वर्षे मोटारगाडी हा विषय शिकवला होता. तिने ऐकले. तीन आठवड्यांनी एका उतरत्या वळणावर वेग जरा जास्त वाटला म्हणून तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली गेली. गाडी दीड गिरकी घेऊन रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन थांबली. मागच्या सीटवर माझा चार वर्षांचा नातू होता. कुणालाही खरचटले नाही. रात्री फोनवर ती एवढेच म्हणाली, “बाबा, पुढची चाकं शेवटपर्यंत धरून होती. मागची सुटली.”

तिने मला दोष दिला नाही, म्हणून तो मलाच शोधावा लागला. मी दिलेला सल्ला माझा नव्हता. तो मी उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडून, एसटीच्या चालकांकडून, वडिलांकडून घेतला होता. इतक्या जाणत्या माणसांचा सल्ला चुकला कसा?

चढ बैलाचा, उतार चाकाचा

कोल्हापूर ही घाटमाथ्यावरची बाजारपेठ. इथला गूळ कोकणात उतरायचा. मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. आधी बैलांच्या पाठीवरून तांडे जात. एकोणिसाव्या शतकात घाटांतून गाडीरस्ते झाले तशा बैलगाड्या उतरू लागल्या. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेला जेमतेम पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात तो पाच हजारांच्या पुढे जातो. बर्फ आम्ही पाहिला नाही, पण निसरडा रस्ता आमच्या पाचवीला पुजलेला आहे.

बैलगाडीच्या चाकाला मधोमध तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेरून लोखंडी धाव. लोहार धाव तापवून लाल करतो, चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. थंड होताना ती आवळत जाऊन लाकूड गच्च धरते. ही धाव गुळगुळीत असते. रस्ता धरून ठेवणे हे तिचे कामच नाही. ते काम बैलाच्या खुराचे. म्हणून बैलाला पत्री ठोकतात. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. पत्रीच्या खिळ्यांची डोकी खडकात, मुरमात रुततात. पुढे उत्तर युरोपातल्या टायरांत धातूचे खिळे बसवलेले चित्रात पाहिले, तेव्हा मला नालबंदाचा हातोडा आठवला.

पकडीचा दुसरा भाग म्हणजे भार. गाडी भरताना ओझे मागे जास्त झाले तर जू वर उचलले जाते, बैलांच्या मानेवर दाब राहत नाही. अशा गाडीला आपण ‘उलार’ म्हणतो. पुढे ओझे जास्त झाले तर बैलांच्या माना दबतात. भार पुढे की मागे, हे ओळखायला आमच्या भाषेत वेगळा शब्द असावा, यावरून गाडीवानांनी त्याचा किती विचार केला होता ते दिसते. आजही उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या लादलेला ट्रॅक्टर चढावर पुढून उचलला जातो आणि भार वाढवायला दोघे-तिघे बॉनेटवर चढून बसतात. रुतलेल्या चाकाखाली पाचट टाकतात. ही दोन्ही कामे एकाच नियमाने चालतात: रस्ता चाकाला किती धरील ते चाकावरचा भार आणि चाक व जमीन यांच्यामध्ये जे काही असेल ते, या दोन गोष्टींवर ठरते.

माझे आजोबा गुळाची गाडी घेऊन गगनबावड्याच्या घाटाने खाली जात. ते सांगत, “चढ बैलाचा, उतार चाकाचा.” चढावर गाडीवान बैलांच्या तोंडाशी असायचा. उतार लागला की तो खाली उतरून चाकापाशी यायचा आणि चाकावर दाबून धरायचा लाकडी ठोकळा दोरीने आवळत आवळत गाडीबरोबर चालायचा. कारण उतारावर बैल ओढत नाहीत. मागचा भार त्यांना ढकलत असतो. गाडी आडवी होणार की सरळ राहणार हे मागेच ठरते. लहानपणी ऐकलेले हे वाक्य मला मुलीच्या फोननंतर आठवले. तोवर चाळीस वर्षे होऊन गेली होती.

दोन भीती, दोन उत्तरे

यंत्राच्या गाडीचा आरंभ गमतीने बैलगाडीसारखाच झाला. १७६९ साली फ्रान्समध्ये कुन्यो या लष्करी अभियंत्याने तोफा ओढण्यासाठी वाफेची तीनचाकी गाडी केली. तिची ताकद पुढच्या एकुलत्या एका चाकाला दिलेली होती. पण पुढे मोटारी आल्या तेव्हा ताकद मागच्या चाकांकडे गेली. कारण साधे होते. पुढच्या चाकाला डावीउजवीकडे वळायचे असते. वळणाऱ्या चाकाला एकसारखी फिरकी पोचवणारा सांधा बनवणे कठीण होते. मागचे चाक वळत नाही, त्यामुळे त्याला फिरवणे सोपे.

आमच्या रस्त्यांवरच्या गाड्या याच घराण्यातल्या. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे बनणारी अँबॅसडर, मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, आणि जीप. इंजिन पुढे, तिथून गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत गेलेला लांब दांडा. रिकामी गाडी चिखलात शिरली की मागची चाके जागच्या जागी फिरत. तिथे भारच नसे. त्यावर उपाय म्हणून डिकीत वाळूची दोन पोती टाकत आणि नक्षी शिल्लक असलेले टायर मागे लावत. “ओढणाऱ्या चाकाला चांगला टायर” हा सल्ला इथे जन्मला.

पण त्याच वेळी उलट सल्लाही चालू होता. १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे या मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि पुढच्या दोन दशकांत ती घाटाघाटांत पोचली. एसटीच्या आणि मालट्रकच्या चालकाला सर्वांत मोठी भीती टायर फुटण्याची. मागे जोडचाके असतात. एक फुटले तर दुसरे सावरते. पुढे एकेकच. ते फुटले की स्टिअरिंग हातातून हिसकले जाते आणि घाटात एका बाजूला दरी असते. म्हणून नवा टायर पुढे आणि रिमोल्ड केलेला मागे, असा नियम पडला. तो ट्रकमधून मोटारीत आला.

माझ्या वडिलांची अँबॅसडर होती. पावसाळ्याच्या तोंडावर ते आणि मिस्त्री यांच्यात दरवर्षी वाद व्हायचा. वडील म्हणायचे मागे, मिस्त्री म्हणायचे पुढे. दोघेही बरोबर होते, कारण त्यांच्या भीती वेगवेगळ्या होत्या. एकाला रुतायची, दुसऱ्याला फुटायची. घसरण्याची भीती दोघांच्याही बोलण्यात नसे. डांबरावर, त्या काळच्या वेगाला, गाडी मागून सटकून गिरकी घेण्याचे प्रसंग फारसे येत नसत.

एकमत झाले आणि

वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा अखेर १९२०च्या दशकात साधला. फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फेनाय यांनी १९२६ साली आपला ‘ट्रॅक्टा’ सांधा केला. अमेरिकेत रझेप्पा यांनी गोळ्यांवर फिरणारा सांधा काढला. १९३४ साली सित्रोएन कंपनीने पुढच्या चाकांवर चालणारी मोटार मोठ्या संख्येने बाजारात आणली. स्वीडनमध्ये विमाने बनवणाऱ्या साब कंपनीने १९४९च्या अखेरीस आपली पहिली मोटार काढली, तीही पुढच्या चाकांवर चालणारी. १९५९ साली इंग्लंडमध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी ‘मिनी’ या छोट्या मोटारीत इंजिन आडवे बसवले. इंजिन, गिअर आणि चालणारी चाके असा सगळा संसार पुढे एकत्र आला. पोटाखालचा लांब दांडा गेला आणि माणसांना जागा झाली.

हीच रचना १४ डिसेंबर १९८३ रोजी भारतात आली. इंदिरा गांधींनी त्या दिवशी पहिल्या मारुतीच्या किल्ल्या मालकाच्या हाती दिल्या. आडवे बसवलेले ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन, बारा इंची चाके, साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, किंमत ४७,५०० रुपये. कोल्हापुरात मारुती आली तेव्हा उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी तिला आधी खेळण्यात काढले. मग पावसाळा आला. अँबॅसडर जिथे मागची चाके फिरवत बसायची, तिथून ही चिमुकली गाडी तुरुतुरु वर गेली. त्यात जादू नव्हती. अशा गाडीत साधारण साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर असते, कारण इंजिन त्यांच्यावरच बसलेले असते. वाळूचे पोते जणू कारखान्यातूनच भरून आले होते.

आता टायरचा जुना वाद पाहा. ओढणारे चाक पुढे. वळणारे चाकही पुढे. ब्रेकचा मोठा भाग पुढे. फुटण्याची भीती पुढे. वडील आणि मिस्त्री यांचे आयुष्यात पहिल्यांदा एकमत झाले: चांगले टायर पुढे लावायचे, यात शंका ती काय? वाद होता तोवर दरवर्षी निदान विचार व्हायचा. वाद मिटला आणि विचारही थांबला. मागच्या चाकांना कुणी वाली उरला नाही. मारुतीत पुढचे टायर लवकर झिजतात, त्यामुळे “नवे पुढे” हा सल्ला व्यवहाराला सोयीचाही होता. तोच मी वर्गात सांगितला आणि तोच फोनवर मुलीला.

पकड किती उरते

आमच्या पावसात हा सल्ला उघडा का पडला नाही, याचे उत्तर आकड्यांत आहे. कोरड्या डांबरावर टायरची पकड, घर्षणाच्या भाषेत, ०.७ ते ०.८ असते. ओल्या डांबरावर ती ०.४ ते ०.६ पर्यंत उतरते. दाबल्या गेलेल्या बर्फावर ती ०.२ ते ०.३ आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहून कमी. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीला चाके अडल्यापासून थांबायला ०.७ पकडीत साधारण १४ मीटर लागतात, ०.२ मध्ये ४९ मीटर आणि ०.१ मध्ये ९८ मीटर. पावसात आपल्याजवळ चुकीची किंमत चुकवण्याइतकी शिल्लक उरते. बर्फावर ती नसते.

पुढची चाके घसरली तर गाडी वळायचे सोडून सरळ जाते. स्टिअरिंग हलके पडल्याचे हाताला कळते, माणूस आपसूक पाय काढतो आणि बरेचदा गाडी पुन्हा धरते. मागची चाके घसरली तर हाताला काहीच कळत नाही. कळते तेव्हा शेपटी बाजूला आलेली असते. त्यात पाय काढला, की भार पुढे झुकतो, मागची चाके आणखी हलकी होतात आणि जी थोडी पकड उरली होती तीही जाते. मागचे टायर उन्हाळी, पुढचे बर्फाचे, उतरते वळण आणि अचानक काढलेला पाय: माझ्या मुलीच्या गाडीत हे चारही एकत्र आले होते. तिने कोल्हापूरच्या घाटात जे शहाणपणाचे ठरले असते तेच केले. म्हणूनच टायर बनवणाऱ्या कंपन्या आज सांगतात, गाडी पुढून चालणारी असो वा मागून, दोनच नवे टायर घेतले तर ते मागे बसवा. आणि बर्फासाठी चारही एकसारखे हवेत. दुकानदार विकायला बसला होता हे खरेच, पण तो बरोबरही बोलत होता.

बर्फवाल्यांची शाळा

ज्यांच्या दारात बर्फ पडतो त्यांनी हे कसे शिकून घेतले? सुरुवात आमच्यासारखीच झाली. चिखलात, बर्फात चाकाभोवती दोर गुंडाळणाऱ्या मोटारवाल्यांना पाहून न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांना चाकावरची साखळी सुचली, असे सांगतात. तिचे पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. साखळी धरते, पण मोकळ्या डांबरावर ती रस्ताही खाते आणि टायरही. १९३४ साली फिनलंडमधल्या रबर कारखान्याने मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर केला आणि दोन वर्षांनी मोटारींसाठी ‘हक्कापेलिट्टा’ हे नाव बाजारात आणले. सतराव्या शतकातल्या फिन्निश घोडदळाचे हे नाव. १९६१ साली त्यांच्या टायरांत खिळे आले, म्हणजे चाकाला पत्री ठोकली गेली.

पण खिळे बर्फाबरोबर रस्ताही खरवडतात. मिनेसोटाने १९७१ साली त्यांवर बंदी आणली. जपानमध्ये खिळ्यांनी उडणाऱ्या डांबराच्या धुळीने शहरे हैराण झाली आणि १९९० साली तिथे कायदा झाला. त्याच सुमारास, १९८८ साली, ब्रिजस्टोन कंपनीने बिनखिळ्यांचा बर्फटायर आणला. त्याचे रहस्य रबरात आहे. साधा टायर सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातो. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरच्या शेकडो बारीक चिरा बर्फाला चिमटीत धरतात. म्हणजे हा टायर बर्फापेक्षा थंडीसाठी अधिक आहे. स्वीडनने १९९९ सालापासून हिवाळी रस्त्यावर असे टायर सक्तीचे केले. कॅनडातल्या क्यूबेक प्रांताने २००८ पासून.

आपल्या देशातही बर्फाचे रस्ते आहेत. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी-ला खिंडीत चढले, तेव्हा त्या उंचीवर इंजिनाची गाडी लढाईला येईल असे शत्रूला वाटले नव्हते. १९६० साली सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि दर वसंतात बर्फ कापून खिंडी मोकळ्या करण्याचे काम सुरू झाले. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधले मेण गोठते आणि इंजिन उपाशी राहते. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल इंडियन ऑइलने २०१९ साली आणले.

कोल्हापूर जिल्ह्यातून बर्फावर गाडी चालवणारे पहिले लोक बहुधा सैन्यातलेच असणार. शिरोळ तालुक्यातले सैनिक टाकळी हे गाव घरटी जवानासाठी ओळखले जाते. तिथल्या एका निवृत्त लष्करी चालकाकडे मी माझा प्रश्न घेऊन गेलो. त्यांनी काश्मीर-लडाखच्या वाटांवर ‘शक्तिमान’ मालमोटार चालवली होती. चहा झाल्यावर मी विचारले, साखळी पुढे लावायची की मागे? ते हसले.

“सर, चढाला कुटं बी लावा. गाडी चढंल, न्हाईतर थांबंल. त्यात काय मरण न्हाई. उताराला मागलं चाक सुटलं की संपलं बघा. साखळ्या चारी चाकांस्नी. नसतील तर निघायचंच न्हाई.”

थोड्या वेळाने त्यांनीच पुढे सांगितले, “आणि घाई करायची न्हाई. पाय टाकायचा बी हळू, काढायचा बी हळू.”

माझे आजोबा आणि हे चालक कधी भेटले नव्हते. पण मी पंचवीस वर्षे शिकवलेल्या पुस्तकापेक्षा दोघांचे बोलणे एकमेकांना अधिक जवळचे होते.

तयारी

गेल्या पंधरा वर्षांत मुलीकडे मी तीन हिवाळे काढले. तिथली तयारी आता मला तोंडपाठ आहे. चार हिवाळी टायर, शक्यतो त्यांच्याच वेगळ्या चाकांवर बसवलेले, म्हणजे दर ऋतूला रिमवरून काढायला नकोत. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की हवेचा दाब एका पौंडाने घटतो, म्हणून दाब वारंवार पाहायचा. बॅटरीची ताकद उणे अठरा अंशांत निम्म्याच्या आसपास येते आणि त्याच वेळी घट्ट झालेले ऑइल इंजिनाला फिरू देत नाही. म्हणून चार-पाच वर्षांची बॅटरी हिवाळ्याआधी तपासायची. रेडिएटरमध्ये पाणी आणि ग्लायकॉल निम्मेनिम्मे, म्हणजे ते उणे पस्तीसच्या आसपासही गोठत नाही. काच धुवायचे पाणी न गोठणारे. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. डिकीत फावडे, वाळूची पिशवी, रग, टॉर्च. वाळू पाहिली की मला पाचट आठवते. ओल्या थंडीत गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही. केबल गोठली तर सकाळी चाक सुटत नाही. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवायचे असेल तर आधी धुराड्याच्या नळीपुढचा बर्फ काढायचा, नाहीतर विषारी वायू आत भरतो.

एकदा तिथल्या गॅरेजमध्ये तिच्या गाडीचे चाक काढलेले होते. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने ब्रेकची चकती तांबडी झाली होती. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फौंड्र्यांतून वाहनांसाठी लागणारे ओतीव लोखंडाचे सुटे भाग देशात आणि परदेशात जातात. ती चकती आमच्याकडची होती असे मी म्हणत नाही. पण आमच्या मातीत ओतलेले लोखंड अशाच कुठल्यातरी बर्फात फिरत असणार, हे मनात आले. लोखंड आम्ही तिथवर पोचवले. त्याला लागणारे शहाणपण मात्र आजोबांच्या वाक्यात होते आणि आम्ही ते घाटातच ठेवून आलो.

तिथे टायर बदलण्याची वेळ ऑक्टोबरात येते, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या दिवसांत. यंदा खंडेनवमीच्या आधी माझ्याही गाडीचे दोन टायर बदलायचे होते. उद्यमनगरात ज्या मिस्त्रीने वडिलांशी वाद घातला त्याचा मुलगा आता तिथे बसतो. मी नवे टायर मागे लावायला सांगितले.

“सर, पुढची गाडी हाय. नवं पुढंच लावायचं असतंय. तुमीच शिकिवलंय की आमाला.”

“चुकीचं शिकवलं,” मी म्हणालो.

तो जॅक हातात धरून क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग काही न बोलता पुढचे अर्धे झिजलेले टायर तसेच ठेवून नवे मागे चढवले. संध्याकाळी मुलीचा फोटो आला. गॅरेजच्या दारात चार हिवाळी टायर ओळीने ठेवलेले, चौघांनाही हळदकुंकू लावलेले, आणि शेजारी आता माझ्याहून उंच झालेला नातू पाना घेऊन उभा.